सोमवारची गोळी

माझ्या नवऱ्याच्या डाव्या मनगटावर दातांचा ठसा आहे. वरची ओळ अजून स्पष्ट दिसते, खालची जरा पुसट झाली आहे. मे महिन्यात नातवंडं आली की विचारतात, "आजोबा, हे काय झालं?" आजोबा जन्मभर बोटीवर होते, त्यामुळे थापा मारायला त्यांना समुद्र पुरतो. ते म्हणतात, "शार्कने धरलं होतं." मी भाजी निवडत राहते. शार्क तेव्हा पन्नाशीची होती, दात सगळे शाबूत होते आणि डोकं मात्र कुठेतरी गहाण पडलेलं होतं.

त्या बाईची ही हकिकत. ती बाई मीच, पण आता सत्तरीत मला तिला 'ती' म्हणायला आवडतं. एक तर ती माझ्यापेक्षा लहान, आणि दुसरं म्हणजे आज समोर आली तर मी तिच्या थोबाडीत दिल्याशिवाय राहणार नाही.

आधी तिच्या उजव्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या हातापायी घडलं. तिचं माहेर सावर्ड्याचं, हायवेवरचं. तिथे मासे म्हणजे बाजारात येतील ते, मेलेले, निमूट पडून राहणारे. लग्न होऊन ती रत्नागिरीजवळच्या आमच्या या खाडीकाठच्या वाडीत आली, आणि पहिल्याच आठवड्यात थोरल्या जावेनं तिच्यापुढे जिवंत कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, टोपली उपडी केली. ही जाऊ म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको. भिंतीला भिंत लावून घर. लग्नानंतर सासू लवकरच गेल्यामुळे सासूचं कामही तीच बघायची, आणि ते अगदी मन लावून बघायची. कुर्ल्या पडवीभर पळाल्या. नवी नवरी किंचाळून बाकावर चढली. जाऊ शेजारणींना म्हणाली, "हायवेवरची हाय. गाडी आल्याशिवाय खाली उतरायची नाय."

ते बोलणं तिला इतकं झोंबलं की वर्षभरात ती वाडीतल्या कुठल्याही बाईपेक्षा बरी कुर्ली मोडायला लागली. बाकीच्या बायका फडकं घ्यायच्या, सुरी घ्यायच्या. ही उघड्या हातानं. कुर्लीला टाचेखाली दाबायचं, मागच्या बाजूनं तिचा डेंगा, म्हणजे पुढचा तो जाडजूड नांगा, मुळाशी धरायचा आणि पिळून उपटायचा. कट् असा आवाज येतो. मग दुसरा. मग बारीक पाय एकेक करून तोडायचे, पाट्यावर टाकून वरवंट्यानं ठेचायचे आणि त्यांचा रस गाळून रश्श्यात घालायचा. पाठ उघडायची ती सगळ्यात शेवटी. तोवर कुर्लीच्या तोंडातून फेस येत असतो. ऐकताना हे क्रूर वाटतं. जेवताना कोणाला वाटलेलं मी अजून पाहिलं नाही.

तर त्या हाताचा तिला फार गर्व. नारळ सोलायची, लाकडं फोडायची, पाटा टाकवायला आलेल्या माणसाच्या हातातून छिन्नी घेऊन त्यालाच शिकवायची. नवरा वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस समुद्रावर, त्यामुळे तिच्यापुढे बोलणारं कोणी नव्हतं. होती ती एक जाऊ, आणि त्या दोघी बोलत नसत, भांडत असत.

आणि पन्नाशीच्या आसपास तोच हात तिच्यावर उलटला. सकाळी जाग यायची ती मार खाऊनच. रात्रभर कोणीतरी मुसळानं पेरं कुटून ठेवल्यासारखी बोटं सुजलेली, लाल, गरम. मूठ वळायची नाही. दाराची कडी निघायची नाही. मनगट असं पेटलेलं असायचं की पांघरुणाचा स्पर्श झाला तरी ती शिवी द्यायची. भाकरी थापायला बसली आणि पहिल्या थापेलाच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिनं परातच अंगणात भिरकावली. हंडा उचलता येईना म्हणून हंड्याला लाथ घातली. हंड्याला पोचा आला, पायाचा अंगठा सुजला. तो आधीच सुजलेला होता, त्यामुळे घरात कोणाला फरक कळला नाही.

नवरा तेव्हा नुकताच बोटीवरून कायमचा घरी आला होता. त्यांनी विचारलं, "डॉक्टरकडे जाऊ या का?" उत्तर म्हणून त्यांच्या दिशेनं तांब्या गेला. हातात जोर नव्हता म्हणून तो अर्ध्या वाटेत पडला. त्याचा तिला जास्त राग आला.

जावेनं ठरवलं, हा वात आहे. तिनं सुई लाल होईपर्यंत तापवून बिब्ब्यात खुपसली आणि त्यातून जे तेल आलं ते मनगटाभोवती फासलं. बिब्बा उतला. मनगट ते कोपर फोड आले, ते फुटले, कातडं सालीसारखं निघालं. ती विव्हळत होती आणि जाऊ समाधानानं म्हणत होती, "सांधा दुखतोय का आता?" सांधा दुखतच होता, पण कातड्याच्या आगीपुढे त्याचं काही ऐकू येत नव्हतं. जावेच्या हिशेबी तो गुण आला.

शेवटी नवऱ्यानं तिला रत्नागिरीत नेलं. तिथे महिन्यातून एकदा बाहेरगावाहून सांध्यांच्या डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांनी रक्त तपासलं, बोटं एकेक करून दाबली, आणि मग विचारलं, "तुमच्या बागेत कुत्रा आहे का?"

"आहे. वानरांसाठी ठेवलाय."

"तो उद्या वानरं सोडून घरच्या माणसांचे लचके तोडायला लागला तर काय कराल?"

"ठार मारीन," ती म्हणाली.

"ते करता येणार नाही, तो तुमच्या रक्तातलाच आहे. आपण त्याला मुसकं बांधायचं." आणि त्यांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज चुकूनही नाही. एक वार ठरवायचा, तो बदलायचा नाही, आपल्या मनानं खंड पाडायचा नाही. अधूनमधून रक्त तपासायचं. "आणि हे नीट ऐका," बाई म्हणाल्या. "मुसकं बांधलेला कुत्रा घरच्यांना चावत नाही, तसा वानरालाही चावत नाही. जखम चिघळली, ताप आला, तर गोळी घ्यायची नाही. आधी मला फोन. कळलं?"

"कळलं," असं म्हणून तिनं मान हलवली. नवरा शेजारी बसून ऐकत होता, त्यांना खरोखर कळलं होतं.

घरी आल्यावर जावेनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या रक्तात कुत्रा? तरीच."

आता तिचा शहाणपणा ऐका. ती सोमवार करायचीच, म्हणून गोळीला सोमवार ठरला. श्रावण सुरू होत होता आणि वाडीतल्या दोघीतिघींनी सोळा सोमवारचं व्रत धरलं होतं. त्या व्रताचे नियम कोणालाही माहीत आहेत. सोमवार चुकवायचा नाही. चुकला तर सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून धरायचं. आजारपणात, तापात फणफणत जो सोमवार निभावला, त्याचं फळ जास्त, असं आमच्याकडे बायका मानतात. आणि शेवटी उद्यापन करायचं, जोडप्यांना जेवायला घालायचं, की सुटका. तिनं कोणाला न सांगता देवापुढे पाणी सोडलं. सोळा सोमवार गोळी घेईन, एकही चुकवणार नाही, मग उद्यापन करीन आणि तू हे दुखणं काढून घे. डॉक्टरीणबाईंनी 'कायमचं औषध' असं स्पष्ट म्हटलं होतं. ते शब्द ती दवाखान्यातल्या बाकावरच ठेवून आली होती.

सोमवारी अंघोळ झाली की गोळ्या देवापुढे ठेवायच्या, फूल वाहायचं, मग तोंडात टाकायच्या. मंगळवारी मळमळायचं, तोंड आलेलं असायचं, विंचरताना केस हातात यायचे. नवरा म्हणाला, "बाईंना सांगू या, त्या काहीतरी करतील." तिनं सांगू दिलं नाही. व्रत म्हणजे त्रास व्हायचाच.

आणि त्यातली गंमत अशी की गुण आला. गणपतीनंतर एका सकाळी तिनं पोलक्याची हुकं स्वतःच्या हातानं लावली. कित्येक महिने ती नवऱ्याकडून लावून घेत होती, आणि त्यांना बोटीचे दोर बांधायची सवय, त्यामुळे श्वास घ्यायला जागा राहायची नाही. नवरात्रात मूठ वळली. तिला रडू आलं नाही. तिनं ती मूठ दारावर आपटून बघितली. दार हललं. मग काय विचारता, बाई पूर्वीसारखी चढली.

दिवाळी जवळ आली होती, अवस तोंडावर, कुर्ल्या भरलेल्या. दारावर आलेल्या मासेवालीकडून जावेनं टोपलीभर घेतल्या. व्रताचे थोडेच सोमवार राहिले होते. ती टोपलीशी जाऊन बसली.

"ठेव ती, मी मोडते," जाऊ म्हणाली. "तो हात हाय का भाकरीचा उंडा?"

"तुमचं वय झालं, वैनी. तुम्ही नुसतं बघा."

तिनं टोपलीतला सगळ्यात मोठा नर काढला. पाठ तळहाताहून रुंद, डेंगे अंगठ्यापेक्षा जाड. टाचेखाली दाबला, मागून डेंगा धरला, पिळला. पूर्वी जो पीळ एका दमात बसायचा तो अर्ध्यात थांबला. मूठ वळत होती, पण तिच्यात पूर्वीचा जोर आला नव्हता. बोटं घसरली, आणि कुर्लीनं वळून उजव्या हाताची तर्जनी मुळाशी पकडली.

ती ओरडली नाही, कारण जाऊ बघत होती. डेंग्याचा दात मांसातून हाडापर्यंत उतरलेला तिला कळत होता. ती उठली, बोटाला लटकलेली कुर्ली वर उचलली आणि पाट्यावर आपटली. पुन्हा आपटली. पाठ फुटली, काळंपिवळं पाणी तोंडावर उडालं, पाय तुटून इकडेतिकडे पडले. तिला वेड लागल्यासारखं झालं होतं. आपटता आपटता धड निखळून गेलं, डेंगा मात्र बोटात रुतून तसाच राहिला. मेल्यावर कुर्ली सोडत नाही, उलट जास्त आवळते. मग तिनं डाव्या हातात वरवंटा घेतला, उजवं बोट पाट्यावर ठेवलं आणि डेंग्यावर घाव घालायला सुरुवात केली. शेवटचा घाव डेंग्यावर बसला आणि बोटावरही.

"सुटला," ती म्हणाली.

जावेनं उठून हळदीचा डबा आणून तिच्यापुढे ठेवला.

मग तिनं जखमेत हळद कोंबली, चिंधी बांधली आणि उरलेल्या कुर्ल्या मोडून रस्सा केला. रश्श्यात तिचंही थोडं रक्त गेलं असावं. सगळ्यांनी बोटं चाटली.

पुढच्या सोमवारी बोट सुजून काकडीसारखं झालं होतं, ठणकत होतं. बाईंचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तिनं ते बोट पदराखाली घेऊन गोळ्या गिळल्या. दोन दिवसांनी सूज जराशी उतरल्यासारखी वाटली. तिनं मनात देवाला हात जोडले. सूज उतरली नव्हती, खाली सरकली होती, तळव्यात.

त्यापुढच्या सोमवारी ती उठली ती दातांवर दात आपटतच. अंग भाजत होतं. चिंधीखालचं बोट कुठल्या रंगाचं झालंय ते तिनं एकदा बघितलं आणि पुन्हा गुंडाळून टाकलं. अंघोळ करून देवापुढे बसली, तर गोळ्यांचं पाकीट जागेवर नाही. ते नवऱ्याच्या हातात होतं.

"ताप आहे तुला. बाईंनी काय सांगितलंय? आज गोळी नाही."

"द्या इकडे. सोमवार आहे."

"सोमवार असू दे नाहीतर शिवरात्र. मी फोन लावतोय."

"अहो, मोडेल!"

"काय मोडेल?"

ते सांगायचं नव्हतं. ती उठून त्यांच्या अंगावर गेली. त्यांनी पाकीट हात उंच करून वर धरलं. बोटीवर त्यांनी भल्याभल्या दारुड्यांना आडवं केलं होतं, पण बायकोवर हात टाकायचा नाही म्हणून नुसते उभे राहिले, खांबासारखे. तिनं नडगीवर लाथ मारली. पळी फेकून मारली, ती देवाच्या समईला लागली, समई कलंडली, तेल पसरलं. तेल पुसायला ते खाली वाकले आणि तेवढ्यात तिनं त्यांचं मनगट दोन्ही जबड्यांत धरलं.

लोक म्हणतात, रागात माणसाला भान राहत नाही. खोटं आहे. मला सगळं आठवतं. केसांची चव, घड्याळाच्या पट्ट्याचा वास, आणि मग कातडं फुटल्यावर येणारं गरम खारट. त्यांनी "आई गं" म्हणून मूठ सोडली. तिनं गोळ्या जमिनीवरच्या तेलातून उचलल्या आणि पाण्याशिवाय गिळल्या. त्या दिवशी तिचा उपास होता. नवऱ्याचं रक्त उपासाला चालतं की नाही, हे तिनं भटजींना कधी विचारलं नाही.

मग ती मागच्या खोलीत गेली आणि आतून कडी घातली.

बाहेर नवऱ्यानं मनगटाला टॉवेल गुंडाळून फोन लावला. बाई म्हणाल्या, एक क्षण थांबू नका, तिला हॉस्पिटलात न्या. त्यांनी दार ठोठावलं. आतून शिव्या आल्या, मग शिव्यांचा आवाज बारीक झाला, मग नुसतं कण्हणं. तेव्हा ते भिंतीपलीकडे जावेकडे गेले. जाऊ आली ती नारळ सोलायची कोयती घेऊनच. दाराच्या फटीत कोयती घालून तिनं अशी हिसडली की कडी खिळ्यांसकट उडून समोरच्या भिंतीवर आपटली.

जावेनं आत येऊन चिंधी सोडली. वास खोलीभर झाला. ती क्षणभर त्या बोटाकडे बघत राहिली, आणि मग तिनं तिच्या खाडकन मुस्काटात मारली. त्या घरात आल्यापासून इतकी भांडणं झाली, पण जावेनं हात उचलला तो त्या दिवशीच.

"नवऱ्याला चावतेस, मेले? चावायचं तर मला चाव, माझं कातडं जाड हाय." मग कोयती तिच्या मनगटावर टेकवून म्हणाली, "रिक्षा सांगितलीय. बस गुमान. नाय तर हितंच उतरवते आणि घालते त्या तुझ्या रक्तातल्या कुत्र्याला."

हॉस्पिटलात सर्जन तरुण होता, घाईत होता, आणि त्यानं काही गुळमुळीत सांगितलं नाही. "बोट मेलंय. पू तळव्यात उतरलाय. तुमचं औषध चालू आहे, त्यामुळे शरीर लढत नाहीये. आत्ता बोट काढलं तर हात वाचवायचा प्रयत्न करता येईल. उद्या आलात तर कुठून कापावं लागेल, सांगता येत नाही."

उजवा हात. ती खाटेवर उठून बसली आणि तापात बरळावं तशी ओरडली, "कोणी हात लावायचा नाही! माझे थोडेच राहिलेत. ते होऊ देत, मग काय कापायचं ते कापा!"

"काय राहिलेत?" सर्जननं विचारलं. नवऱ्यानं मान हलवली, त्यांना माहीत नव्हतं. जावेला मात्र लगेच उमगलं. ती खाटेच्या कडेला बसली.

"काय बोलली होतीस गो देवाला?"

तिनं सांगितलं. सोळा सोमवार, खंड नाही, मग उद्यापन. सांगता सांगता ती हुंदके द्यायला लागली, आणि जाऊ नाक ओढत ऐकत होती.

"गाढवे," जाऊ म्हणाली, पण हळू. "व्रत कोणी दिलं तुला? देवानं दिलं का त्या बाईनं?"

"गोळी बाईंनी दिली."

"मग नेम बाईचे. बाई काय बोलली? जखम चिघळली, ताप आला तर घ्यायची नाय. तू घेतलीस. तुझं व्रत तू गेल्याच सोमवारी मोडलंस. आता काय राखत बसलीयस? बोट?"

तिनं सर्जनकडे बघितलं आणि हात पुढे केला.

तिला पूर्ण झोपवलं नाही, हातच बधिर केला. मध्ये हिरवा पडदा. दुखलं काहीच नाही, पण ऐकू आलं. कट्. तो आवाज तिच्या चांगलाच ओळखीचा होता. ती हसायला लागली. पडद्यापलीकडून सर्जन घाबरून म्हणाला, "यांना काय होतंय?" भूलवाल्या बाई म्हणाल्या, "तापामुळे असेल."

तळवा उघडा ठेवला होता, रोज धुवायचे. ते धुणं काय असतं हे मी सांगत नाही, जेवणाआधी वाचणारा कोणी असेल. डॉक्टरीणबाई त्यांच्या ठरलेल्या दिवशी आल्या तेव्हा खाटेशी उभ्या राहून त्यांनी तिला असं झापलं की वॉर्डातल्या बाकीच्या बायका उठून बसल्या. आणि जखम पूर्ण भरेपर्यंत मेथोट्रेक्सेट बंद केलं.

मुसकं निघालं आणि कुत्र्यानं इतक्या दिवसांचा सूड घेतला. घरी आल्यावर पंधरवड्यात दोन्ही गुडघे फुगले, खांदे जखडले, जबडा उघडेना. डाव्या हाताची बोटं वाकडी झाली. उजव्यात जखम, बाकी अंगभर आग. ती रात्रंदिवस किंचाळत असे, देवाला, सर्जनला, जावेला, समुद्राला, जे सापडेल त्याला शिव्या घालत असे. चमच्यानं भरवायला आलेल्या नवऱ्याच्या हातावर तिनं दोनदा पेज उडवली. ते पुसून घ्यायचे आणि पुन्हा चमचा पुढे करायचे. मनगटावरचं बँडेज तिच्या तोंडापाशी यायचं. तिनं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"द्या हो ती गोळी," ती बाईंना फोनवर म्हणाली. "मरते मी."

"जखम भरल्याशिवाय नाही. भरली की त्या दिवशी सुरू. आणि या वेळी कायमचं, हे ऐकायला आलं का?"

"उद्यापन नाही?"

पलीकडे बाईंना काही कळलं नाही. जाऊ शेजारी बसली होती, तिला ऐकू गेलं. ती म्हणाली, "करू की. तुझ्या तेराव्याला करू. लाडू ठेवून."

जखम भरली. गोळी पुन्हा सुरू झाली, या वेळी गुरुवारी. सोमवारावर त्या घरात कोणाचा विश्वास राहिला नव्हता. गोळ्या जावेच्या कपाटात. गुरुवारी सकाळी तिच्यापुढे उभं राहायचं, दोन्ही हात पुढे करायचे, पाय दाखवायचे, कपाळाला हात लावून घ्यायचा, आणि कुठे ओरखडा, ताप नाही अशी तिची खात्री पटली की मग गोळी. ती पद्धत इतकी वर्षं चालू आहे. परवा फणसाच्या काट्यानं कोपराला नुसतं खरचटलं होतं, तर म्हातारीनं गोळी दिली नाही, बाईंना फोन लावला आणि "काही नाही हो, द्या" हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच कपाट उघडलं. तोवर मला उभं करून ठेवलं. या वयात.

पण हाताचं राहिलं. चार बोटांच्या हाताची मूठ वळणार की नाही, हे कोणी सांगत नव्हतं. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं मऊ चेंडू दिला होता, तो दाबत बसायचा. तिला त्या चेंडूचा संताप यायचा, कारण तो काहीच बोलत नसे. जोर आला की नाही ते कळायचं कसं?

एका संध्याकाळी नवरा पडवीच्या पायरीवर खाडीकडे तोंड करून बसला होता. न वळता ते म्हणाले, "चेंडू टाक. माझ्या पाठीत मार. लागलं की सांगतो."

"काय?"

"मार. मी काही चावणार नाही."

तिनं चार बोटं जमतील तशी वळली आणि मारलं.

"माशी बसली काय गो?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा. नुसतं मारायला तिला लाज वाटत होती, म्हणून ती कारणं काढायला लागली. "हे, सासू गेली तेव्हा तुम्ही तिकडे कुठल्या बंदरात होतात त्याचं." गुद्दा. "माशी." "हे, घराचं छप्पर उडालं आणि तार केली तर दोन महिन्यांनी उत्तर आलं त्याचं." गुद्दा. "मांजर." महिने गेले. गोळी आपलं काम करत होती, सूज उतरत होती, रोज संध्याकाळी ती एकेक वर्ष काढून त्यांच्या पाठीत घालत होती. ते खाडीकडे बघत "हं, बरोबर आहे" म्हणायचे. इतकी वर्षं ते नव्हते, आणि त्याचा हिशेब कधी झाला नव्हता. जाऊ तिच्या पडवीतून ओरडायची, "खांद्याच्या खाली मार, तिथं मांस हाय."

पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी ते चहा पीत बसले होते. ती मागून गेली. "हे थोरल्याच्या बारशाला आला नाहीत त्याचं," म्हणाली, आणि मारलं. मूठ पूर्ण वळली होती. ते पुढे कलंडले, कप हातातून उडाला, चहा पायरीवर सांडला. खोकला आला त्यांना.

"लागलं," ते म्हणाले.

"खरंच?"

"खरंच गो. बरगडीत लागलं."

तिनं हात वर धरून बघितला. मग पुन्हा मूठ वळली.

"थांबा, उठू नका," ती म्हणाली. "धाकट्याचं बारसं राहिलंय."